शेवटचं गाणं दादाचं

रोज सकाळी स्टुडिओत सगळ्यांच्या आधी मी गायचो. ते कोणी ऐकत नसे, हा भाग वेगळा. गायक येण्याआधी माइक नीट लागलाय का, आवाज फाटतोय का, मीटरचा काटा कुठवर जातोय, हे बघायला कोणीतरी गावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे मी. माझं गाऊन झालं की रेकॉर्डिंगवाल्या ताई "ठीक आहे" म्हणायच्या आणि टेप मागे घ्यायच्या. दुपारी धाकटा यायचा आणि त्याच टेपवर, माझ्या आवाजाच्या जागी, त्याचा आवाज बसायचा. माझ्या गाण्यावर पाय देऊन तो वर चढला, असं मी एकदा बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "अहो, मग पायपुसण्यानेही म्हणावं की, सगळे मोठे लोक माझ्यावरूनच आत गेले."

धाकटा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं तोंड तुम्ही पाहिलेलं आहे. भिंतींवर असतं, बसच्या पाठीवर असतं, एकदा तर साबणाच्या वेष्टनावर होतं. गिटारवर बोटं कशी ठेवायची ते मी त्याला शिकवलं, आमच्या स्वयंपाकघरात, उपड्या बादलीवर बसवून. बोटं दुखतात म्हणून रडायचा. कानामागून आला आणि तिखट झाला. मी त्याच्या मागे उभा राहून बास वाजवतो. मला त्याचा हेवा वाटतो. पोटात दुखतं म्हणा, जळतो म्हणा, मला काहीही चालेल. टाळ्या सुरू झाल्या की तो हात मागे करून आमच्याकडे दाखवतो ना, तो हात मला मुळापासून उपटावासा वाटतो. आणि तरी रोज सकाळी मी त्याच्यासाठी माइक तापवत होतो.

या वेळचं काम निराळं होतं. धाकट्याची नवी गाणी अलीकडे कोणी गुणगुणत नव्हतं. रेकॉर्ड कंपनीच्या लोकांनी सुचवलं की, रॉक अँड रोल अगदी नवं होतं तेव्हाची गाणी घे आणि तुझ्या आवाजात गा. ही आम्हा दोघांच्या लहानपणची गाणी. रेडिओवर लागायची. जगात गाडी, पोरगी, नाच आणि टेलिफोन याखेरीज काही नाही असं समजून कोणीतरी लिहिलेली. ती आधी मला पाठ झाली. मी गायचो आणि धाकटा टेबल बडवायचा.

"दादा, खरं तर ही गाणी तुझी," तो मला म्हणाला. "यातलं एक तू गायचंस. शेवटचं. शेवटचं गाणं दादाचं."

मी "बघू" म्हणालो. घरी येऊन चपला न काढताच बायकोला सांगितलं. "नाव छापतील ना?" तिने विचारलं. मग तिने माहेरी फोन केले, शेजारी सांगितलं, आणि माझा निळा शर्ट धुवून इस्त्री करून कपाटात वेगळा टांगला. रेकॉर्डिंगमध्ये शर्ट दिसत नाही असं मी म्हणालो. "फोटो काढतील की," ती म्हणाली.

स्टुडिओ जुन्या लाँड्रीच्या इमारतीत होता. वर इस्त्रीचा मोठा हॉल, लाकडी जमिनीचा. तिथे आम्ही वाजवायचो. त्या काळात करत तसंच करायचं, असा धाकट्याचा हट्ट होता. मधोमध एकच माइक आणि सगळे त्याच्याभोवती. ज्याचा आवाज मोठा त्याने लांब उभं राहायचं, ज्याचा महत्त्वाचा त्याने जवळ. ताईंनी जमिनीवर खडूने प्रत्येकाची जागा आखून दिली होती. धाकट्याची खूण माइकखाली. माझी मागच्या भिंतीपाशी, ड्रम वाजवणाऱ्या ठोक्याच्याही मागे.

आणि खाली होती धुण्याची खोली. पंधरा-वीस पायऱ्या उतरून जायचं. छतापर्यंत पांढऱ्या फरशा, जमिनीत नाली, तोडून बुजवलेले नळ. खोली रिकामी. एका कोपऱ्यात स्पीकर, समोरच्या कोपऱ्यात माइक, आणि बाहेरून कडी लागणारं जाड दार. धाकट्याचा आवाज, मागे बारीक आमचा बाजाही, वरून तारेने खाली जायचा, स्पीकरमधून त्या खोलीत वाजायचा, फरशांवर आपटून घुमायचा आणि तो घुमलेला आवाज दुसऱ्या माइकमधून परत वर यायचा. त्या जुन्या गाण्यांत गायक विहिरीत तोंड घालून गातोय असं वाटतं ना, ते असंच करतात. परत आलेल्या आवाजाला ताई 'रिटर्न' म्हणायच्या. टेपच्या एका पट्टीवर आम्ही सगळे, दुसऱ्या पट्टीवर फक्त रिटर्न.

सुरुवातीची गाणी सरळ झाली. मग एका दुपारी, एक टेक संपल्यावर, ताईंनी मला काचेआडच्या यंत्रांच्या खोलीत बोलावलं. ताई कमी बोलायच्या. ऐकताना स्पीकरकडे नाही, जमिनीकडे बघायच्या.

"दादा, धाकटे गात होते तेव्हा तुम्ही मागे गुणगुणत होतात?"

"माझ्या तोंडात खोकल्याची गोळी होती, ताई."

त्यांनी पहिली पट्टी बंद केली आणि नुसतं रिटर्न लावलं.

स्वतःचा आवाज माणूस सहसा ओळखत नाही म्हणतात. मी ओळखतो. रोज सकाळी ऐकतो. ओळीचा शेवटचा शब्द मी पटकन सोडत नाही, जरा मागे रेंगाळतो. श्वास नाकाने घेतो आणि तो ऐकू येतो. रिटर्नमध्ये तो श्वास होता. धाकट्याने गायलेली ओळ खालून परत येत होती आणि ती मी गात होतो.

"सकाळचं राहिलं असेल टेपवर," मी म्हणालो.

"टेप कोरी होती. आत्ता पाकिटातून काढली."

आम्ही दोघेही यंत्रांची माणसं. भुतंखेतं आमच्या खात्यात येत नाहीत. ताईंनी तारा बदलल्या, टेप बदलली, यंत्राचं तोंड स्पिरिटने पुसलं. मी खाली जाऊन आलो. खोली तशीच होती, थंड आणि रिकामी. पुढच्या टेकला त्यांनी मला बास ठेवायला लावून अंगणात पाठवलं. मी धाकट्याच्या ड्रायव्हरच्या शेजारी बाकावर बसलो आणि त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाची कथा ऐकली. परत आलो तर ताई जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी फक्त मान हलवली. मी बाहेर असतानाही रिटर्नमध्ये मीच गात होतो.

धाकट्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो आत आला, त्याने दोन्ही पट्ट्या एकत्र ऐकल्या आणि त्याचे डोळे चमकले.

"आज काय लागलाय माझा आवाज! पोरं होतो तेव्हा असा लागायचा."

ठोक्या म्हणाला, "बॉस, अंगावर काटा आला." कंपनीचे दोघे टाळ्या वाजवायला लागले. धाकट्याने सवयीने हात मागे करून माझ्याकडे दाखवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गातोय मी, आणि आवाज लागलाय याचा! तिथेच सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. सांगितलं नाही. कारण दुसरीकडे मला गुदगुल्याही होत होत्या. त्याच्या गाण्याला जीव माझ्यामुळे आलाय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मला होतं. गरिबाचं सुख असतं तसलं. ताईही बोलल्या नाहीत. गाणी उत्तम होत होती आणि चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार?

फक्त धाकटा रोज म्हणायचा, "ताई, रिटर्न जरा वाढवा." रोज ताई बटण थोडं पुढे सरकवायच्या. त्याचा स्वतःचा आवाज त्या मानाने मागे मागे जाऊ लागला. कोरडा, म्हणजे रिटर्न बंद करून, ऐकला तर तो पाणी घातल्यासारखा वाटायचा. मी ते एकदा मुद्दाम ऐकून घेतलं आणि त्या दिवशी घरी दोन घास जास्त जेवलो.

मग धाकटा एका गाण्यात अडकला. गाणं टेलिफोनवर बोलणाऱ्या मुलाचं. दुसऱ्या कडव्यात तो शब्द विसरला आणि तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला. आम्ही वाजवत राहिलो, कारण सगळं एकत्र असतं तेव्हा गायक परत ओळ पकडेल म्हणून वाजवत राहायचं असतं. हेडफोन फक्त त्याच्या कानांवर होते. पण काचेआडचं दार उघडं होतं आणि तिथला स्पीकर चालू होता.

त्या स्पीकरमधून कडवं पूर्ण झालं. शब्द न् शब्द. शेवटचा शब्द जरा मागे रेंगाळला.

ठोक्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. पियानोवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओठांकडे. ओठ मिटलेले होते. धाकट्याने सावकाश हेडफोन काढले.

"हा तू आहेस," तो म्हणाला.

"मी इथे आहे," मी म्हणालो.

तो चालत माझ्यापर्यंत आला. त्याच्या खुणेवरून माझ्या खुणेपर्यंत तो पहिल्यांदाच येत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती असेल असं मला वाटलं होतं. भीती नव्हती. जे होतं ते मी रोज दाढी करताना आरशात बघतो.

"कसला गातो रे," तो हळूच म्हणाला. "मला कधीच असं आलं नाही."

हे वाक्य ऐकायला मी सगळा जन्म थांबलो होतो. मी छाती फुगवून काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तो हे मला म्हणत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता. लाकडी फळ्यांच्या खाली जिथे ती खोली होती, तिकडे.

त्या दिवसापासून मीही नीट ऐकायला लागलो. आतापर्यंत मी फक्त 'माझा आवाज' म्हणून खूष होतो. गाणं ऐकलंच नव्हतं. आता ऐकलं. खालचा तो माझ्यापेक्षा चांगला गात होता. आवाज माझाच, सवयी माझ्याच, पण मी वरच्या सुराला घाबरतो तिथे तो सहज जायचा, आणि मी जोर लावतो तिथे तो हसत सोडून द्यायचा. मी आयुष्यभर मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. हा कधी कशाला टेकलाच नव्हता. सकाळी मी काटे बघायला गायचो आणि खालून माझाच आवाज इतका सुंदर होऊन परत यायचा की मला गायची लाज वाटायला लागली. एके सकाळी मी मधेच थांबलो. तो थांबला नाही. ताई नेहमी "ठीक आहे" म्हणून टेप मागे घेतात. त्या दिवशी त्यांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं, मग डोळे पुसले.

माझ्यासाठी कधी पुसले नव्हते.

"तुम्ही गप्प गप्प का?" बायकोने घरी विचारलं. "तुमचं गाणं जवळ आलं ना? घाबरलात?"

"एकजण माझ्यापेक्षा चांगला गातो," मी म्हणालो.

"भावजी होय?"

"नाही."

"मग दुसऱ्या कोणाची एवढी काळजी कशाला? गाणं तर तुम्हालाच दिलंय."

खरं होतं. गाणं मलाच दिलं होतं. मी निळा शर्ट घातला.

त्या दिवशी मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा धाकटा माइकपाशी एकटा उभा होता. माइकला तोंड लावून तो हळू आवाजात बोलत होता.

"दादा, दुसरं कडवं जरा सावकाश घे हं."

"घेतो की," मी दारातून म्हणालो. "आधी पाणी तरी पिऊ दे."

तो दचकून वळला.

"तुला नाही," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही. माझा शर्ट त्याने पाहिला आणि नजर वळवली. मग म्हणाला, "दादा, ऐक ना. रागावू नकोस. शेवटचं गाणं दादाचं असं मी म्हणालो होतो, आणि ते तसंच होणार. नावही छापणार. फक्त... तू गाऊ नकोस."

"म्हणजे?"

"आम्ही नुसते वाजवतो. माइक रिकामा ठेवतो. त्याला गाऊ दे."

"गाणं माझं आहे," मी म्हणालो.

"आवाज तुझाच असेल की रे. तुला काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! हे तो म्हणत होता, ज्याचं तोंड साबणावर होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. ठोक्या काठ्यांशी चाळा करत होता. या गाण्याला बासही नको, असं कोणीतरी म्हणालं. मला भिंतीशी एक स्टूल दिलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यावर बसलो.

ठोक्याने काठीवर काठी आपटून ताल दिला. गाणं सुरू झालं. माइकसमोर कोणी नव्हतं. सगळे त्या रिकाम्या जागेभोवती गोल उभे राहून वाजवत होते आणि धाकटा बाजूला सरकून, हात बांधून, देवळात उभं राहावं तसा उभा होता.

काचेआडून आवाज आला.

पहिलं कडवं. मी डोळे मिटले. स्वयंपाकघर आठवलं, टेबल बडवणारा धाकटा आठवला. तेव्हा मी असाच गात असेन, किंवा गात आहे असं मला वाटत असेल.

दुसरं कडवं त्याने सावकाश घेतलं.

मी उठलो. कोणी पाहिलं नाही. जिना उतरताना वरून ताल धपधप ऐकू येत होता. माझ्या मनात एकच होतं. दार उघडायचं. दार उघडलं की घुमणं मोडतं, टेक वाया जातो.

मी कडी काढली. दार ओढलं.

फरशा. नाली. स्पीकरमधून वरचा बाजा बारीक वाजत होता. आवाज कोणाचाच नव्हता. मी दार उघडताक्षणी तो थांबला होता, मोठी माणसं खोलीत आली की मुलं गप्प होतात तसा.

मी कोपऱ्यातल्या माइकपाशी गेलो आणि तिसरं कडवं गायलो.

खरं सांगतो, चांगलं गायलो. आयुष्यात पहिल्यांदा ते टेपवर राहणार होतं. वरच्या सुराला मी घाबरलो नाही. कडवं संपलं, वर बाजा अजून चालूच होता, आणि मी दार तसंच टाकून धावत जिना चढलो. मला धाप लागली होती. मला हसू येत होतं.

हॉलमध्ये पोचलो तोवर बाजा थांबला होता. सगळे काचेआडच्या खोलीत टेप ऐकायला गोळा झाले होते. मी त्यांच्या मागे, दारात उभा राहिलो.

पहिलं कडवं. दुसरं कडवं. कोणी हलत नव्हतं.

मग कडी वाजली. दार करकरलं. पावलं. आणि एक म्हातारा, दम लागलेला, कापरा आवाज ओरडून काहीतरी गायला लागला. कडवंभर गायला. पावलं परत गेली. लगेच तो दुसरा आवाज, शांत, जराही न दुखावलेला, ध्रुवपद गाऊ लागला आणि गाणं संपवून थांबला.

"हा मधेच कोण शिरला?" ताईंनी विचारलं.

"ड्रायव्हर असेल," ठोक्या म्हणाला.

"तेवढा तुकडा कापून टाकते. तिसरं कडवं परत घेऊ आणि जोडू."

"हो, कापा," धाकटा म्हणाला. "दादाला त्रास झाला असेल."

"मी आहे तो," मी म्हणालो. "अरे, मी गायलो ते."

ताईंनी ब्लेड हातात घेतलं. कोणी मागे वळलं नाही. धाकट्याने वाकून खालच्या खोलीत बोलायचं बटण दाबलं.

"दादा," तो म्हणाला, "दार उघडं राहिलंय. लावून घेतोस का?"

खालचा माइक अजून चालूच होता. स्पीकरमधून पावलं ऐकू आली, सावकाश, फरशीवरून. दार करकरलं. आतून कडी बसली. त्या दाराला आतून कडी नाही.

"लावलं रे," माझा आवाज म्हणाला. "चल, घेऊ या."

धाकटा त्या स्पीकरकडे बघून हसला. माझ्याकडे बघून तो असा कधी हसला नव्हता.